युरिया बंद केला की माती सुधारेल का?

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि. घरामागच्या जागेत आम्ही भाजीपाला लावतो. एक मीटर रुंद आणि तीन मीटर लांब असे सहा वाफे आहेत, शिवाय दहाबारा कुंड्या. पाच वर्षांपासून दर पंधरा दिवसांनी प्रत्येक वाफ्यात मूठभर युरिया टाकतो आणि कुंड्यांना दर आठवड्याला १९:१९:१९ या विद्राव्य खताचं पाणी देतो. पहिली दोन वर्षं पीक उत्तम आलं. आता माती वाळली की खुरपं शिरत नाही, पाणी वरच साचून राहतं. टोमॅटोला पाला भरपूर येतो, फळ कमी, आणि माव्याची कीड काही केल्या हटत नाही. कुंड्यांत मातीवर पांढरा थर धरतो, पानांची टोकं करपतात. एकजण सांगतात की रासायनिक खत म्हणजे विष, आजच बंद करा. दुसरे म्हणतात कंपोस्टमध्ये दम नसतो, झाडं उपाशी राहतील. मागच्या महिन्यात एका वाफ्यात युरिया बंद करून लाकडाचा भुसा आणि सुका पाला कुदळीनं खोल मिसळून पाहिला, तर तिथली मिरचीची रोपं पिवळी पडली. आता नेमकं काय करावं? उरलेलं युरियाचं पोतं टाकून द्यावं का?

उत्तर

आधी त्या पिवळ्या मिरच्यांचं बघू. बाकीच्या गोष्टींना वेळ आहे, त्यांना नाही.

भुसा मातीत गेला की जीवाणू आणि बुरशी तो कुजवायला लागतात. त्यांच्या स्वतःच्या शरीरात कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण साधारण ८ ला १ असतं. खाल्लेला बराचसा कर्ब ते श्वासावाटे सोडून देतात, म्हणून २४ ला १ च्या आसपासचं खाद्य त्यांना नेमकं पुरतं. सुक्या पाल्यात हे प्रमाण ४० ते ८० ला १ असतं आणि लाकडाच्या भुशात २०० ते ५०० ला १. म्हणजे कर्ब उदंड आणि नत्र जवळजवळ नाहीच. कमी पडलेलं नत्र हे सूक्ष्मजीव मातीतून उचलतात, आणि या ओढाताणीत मुळांच्या वाट्याला काही उरत नाही. ते नत्र वाया गेलेलं नसतं. सूक्ष्मजीव मेले की ते परत मातीत येतं. पण भुशाच्या बाबतीत त्याला कित्येक महिने लागतात आणि मिरचीचा हंगाम तेवढ्यात संपतो.

उपाय करण्याआधी एकदा पानं नीट बघा. खालची, जुनी पानं आधी पिवळी पडली असतील तर नत्राचीच कमतरता. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या दिसत असतील तर तो लोहाचा प्रश्न असतो. तो बहुतेक वेळा मातीचा सामू (पीएच) जास्त असल्यामुळे किंवा मुळांशी पाणी तुंबल्यामुळे येतो, आणि तिथे युरिया देऊन काही साधत नाही. तुमच्या वर्णनावरून पहिली शक्यता मोठी आहे. तसं असेल तर ३० ग्रॅम युरिया १५ लिटर पाण्यात विरघळवा आणि माती आधी ओली करून, ऊन उतरल्यावर, त्या एका वाफ्याला द्या. मागाहून साधं पाणी शिंपडून पानं धुऊन टाका. दोनतीन आठवड्यांत नवी पालवी हिरवी दिसली पाहिजे. नाही दिसली तर आणखी एकदा द्या, त्यापुढे नको. जुनी पिवळी पानं पूर्ववत होतीलच असं नाही, त्यांच्यावरून अंदाज बांधू नका. भुसा मात्र उकरून काढू नका. कुजला की तो तुमच्याच कामाचा आहे.

एक उपाय म्हणून इथे रासायनिक खतच सुचवलं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. युरिया वाईट आणि कंपोस्ट चांगलं अशी विभागणी करून बाग सुधारत नाही. युरियासारखं जोरखत झाडाला अन्न पुरवतं. कंपोस्टसारखं भरखत माती घडवतं, आणि जाता जाता थोडं अन्नही देतं. तुम्ही पाच वर्षं पहिलं काम गरजेच्या कितीतरी पट केलं आणि दुसरं केलंच नाही. तुमच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या दोन गोष्टींत आहे.

मूठभर म्हणजे किती?

प्रौढ माणसाच्या मुठीत साधारण ५० ग्रॅम युरिया मावतो. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे एका मुठीत २३ ग्रॅम नत्र. तुमचा वाफा तीन चौरस मीटरचा, तेव्हा दर खेपेला चौरस मीटरमागे साडेसात ग्रॅमच्या वर नत्र पडलं. चार महिन्यांच्या हंगामात अशा आठ खेपा धरल्या तर ६० ग्रॅम. बहुतेक फळभाज्यांना अख्ख्या हंगामात चौरस मीटरला १० ते १५ ग्रॅम नत्र पुरतं. तुम्ही चार ते सहापट देत होता.

जास्तीचं नत्र मातीत साठून राहत नाही. युरिया मातीवर पडला की युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) त्याचं अमोनियात रूपांतर करतं. माती नुसती दमट असेल, हवा गरम असेल आणि खत वरच पडून राहिलं असेल तर त्यातला पाव ते तिसरा हिस्सा नत्र अमोनिया होऊन हवेत उडू शकतो. उरलेल्याचं काही दिवसांत जीवाणू नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण विद्युतभार असतो आणि मातीच्या कणांवरही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवू शकत नाही. पाण्याबरोबर ते मुळांच्या खाली आणि पुढे विहिरीच्या पाण्यापर्यंत जातं. नायट्रेट होताना आम्लही तयार होतं, म्हणून वर्षानुवर्षं युरिया दिलेल्या जमिनीचा सामू हळूहळू खाली येतो. अमोनियम सल्फेटनं तर तेवढ्याच नत्रामागे युरियाच्या तिप्पट आम्लता येते.

आता टोमॅटो. नत्र गरजेपेक्षा जास्त मिळालं की झाड पाला वाढवत बसतं, फुलं उशिरा आणि कमी येतात. पेशी मोठ्या, पातळ भिंतींच्या होतात आणि त्यांच्या रसात अमिनो आम्लं वाढतात. माव्याला नेमकं हेच हवं असतं. फवारण्या करून मावा हटत नाही तो यामुळे. खत आवरलंत तर त्याचा जोर बराच कमी होईल.

माती घट्ट का झाली

युरियानं माती थेट दगडासारखी होत नाही. माती भुसभुशीत राहते ती तिच्या बारीक कणांचे छोटे रवे बनलेले असतात म्हणून. हे रवे बांधून ठेवतात ते बुरशीचे तंतू, मुळांचे केस आणि सूक्ष्मजीवांनी स्रवलेले चिकट पदार्थ. हे सगळे सेंद्रिय पदार्थांवर जगतात, आणि तो पुरवठा थांबला की जुना साठा खाऊन संपतो. उष्ण हवेत तो आणखी लवकर संपतो. मग पावसाचा किंवा झारीचा थेंब उघड्या मातीवर आदळला की रवे फुटतात, बारीक चिकण वरच्या छिद्रांत भरते आणि वाळल्यावर पापुद्रा धरतो. तुमच्या वाफ्यात वर पाणी साचतं ते या पापुद्र्यामुळे. काढलेल्या पिकाचा पाला उचलून टाकणं, दोन पिकांच्या मधे माती उघडी ठेवणं, ओल्या मातीत पाय देणं आणि कुदळ मारणं, या सगळ्यांचा वाटा त्यात आहे. युरियाचा दोष एवढाच की त्याच्या जोरावर पीक बरं दिसत राहिलं आणि मातीकडे लक्ष द्यायची गरज दोन वर्षं कळलीच नाही.

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथे १८४३ पासून ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गव्हाचा एक प्रयोग अखंड चालू आहे. एका पट्ट्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत, म्हणजे चौरस मीटरला साडेतीन किलो, आणि काही पट्ट्यांना फक्त रासायनिक खतं दिली जातात. पूर्ण आणि योग्य मात्रेत रासायनिक खत मिळालेल्या पट्ट्यांचं उत्पादन दीर्घकाळ शेणखताच्या तोडीचं राहिलं आहे. मात्र शेणखताच्या पट्ट्यातला सेंद्रिय कर्ब दुपटीहून जास्त झाला. तुम्हाला सल्ला देणाऱ्या दोघांचंही उत्तर या एका शेतात मिळतं. खताच्या पोत्यातला नायट्रेट आणि शेणखतातून सुटलेला नायट्रेट यांत मुळाला काही फरक कळत नाही, तेव्हा त्याला विष म्हणणं चूक. आणि नुसत्या शेणखतावर झाडं उपाशी राहत नाहीत हेही तिथे दिसतं. फरक पडतो तो जमिनीत.

भाजीच्या बागेत हा फरक शेतापेक्षा जास्त बोचतो. सेंद्रिय पदार्थांचा मुरलेला भाग, म्हणजे ह्यूमस, हा अमोनियम, पालाश (पोटॅश), कॅल्शियम यांसारखे धनभारित अन्नकण स्वतःवर धरून ठेवतो आणि पाणीही. त्यामुळे खताची एखादी खेप चुकली किंवा दोन दिवस पाणी द्यायचं राहिलं तरी झाड सांभाळलं जातं. ह्यूमस नसलेल्या मातीत प्रत्येक गोष्ट वेळेवर आणि मोजून द्यावी लागते.

कंपोस्ट किती घालायचं

एक सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे चौरस मीटरला १० लिटर कंपोस्ट. चाळलेलं, दमट कंपोस्ट लिटरला अर्ध्या किलोच्या आसपास भरतं. अडीच सेंटिमीटरचा थर दिला तर चौरस मीटरला २५ लिटर, म्हणजे १२-१३ किलो पडतं. त्यात निम्मं पाणी सोडलं तर साडेसहा किलो कोरडा भाग उरतो. नत्र दीड टक्का धरलं तर ते जवळजवळ १०० ग्रॅम होतं. त्यातलं पहिल्या वर्षी साधारण १० ते १५ टक्केच सुटं होतं, म्हणजे १० ते १५ ग्रॅम. एका पिकाची गरज एवढीच आहे हे वर पाहिलं. कंपोस्टमध्ये दम नसतो हे म्हणणं म्हणूनच पटत नाही. अडचण वेगळी आहे. हे नत्र वर्षभर सावकाश सुटतं, माती थंड किंवा कोरडी असली तर फारच सावकाश, आणि मिरची-टोमॅटोला फळधारणेच्या वेळी ते एकदम हवं असतं. त्या दोनतीन आठवड्यांपुरतं थोडं वरखत (उभ्या पिकाला दिलेलं खत) दिलं तर त्यात गैर काही नाही.

आणि कंपोस्टचाही अतिरेक होतो. ‘सेंद्रिय आहे, कितीही घाला’ हे ऐकून लोक दरवर्षी टोपल्याच्या टोपल्या ओततात. वरच्या हिशेबात नत्र १०० ग्रॅम आलं, त्याबरोबर स्फुरदही (फॉस्फरस) बरंच येतं. पिकाला मात्र नत्राच्या मानानं स्फुरद फारच थोडं लागतं आणि ते मातीत घट्ट धरलं जातं, नत्रासारखं वाहून जात नाही. शेणापासून, विशेषतः कोंबडीच्या विष्ठेपासून केलेल्या खतात तर ते आणखी जास्त. पाचसहा वर्षांत स्फुरद इतकं साचतं की झाडाला लोह आणि जस्त नीट घेता येत नाही, आणि मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशी मागे सरते. म्हणून पहिली दोन वर्षं अडीच सेंटिमीटर, आणि माती सुधारल्यावर वर्षाला एक सेंटिमीटर एवढंच पुरे.

तुमचे सहा वाफे मिळून १८ चौरस मीटर होतात. त्यांना ४५० लिटर कंपोस्ट लागेल. कच्चा माल कुजताना निम्म्याहून खाली बसतो, त्यामुळे एक मीटर लांब, रुंद आणि उंच ढिगातून जवळजवळ तेवढं मिळतं. एवढा ढीग घरी जमतो.

ढीग

तीन भाग सुका माल (पाला, काड्या, न छापलेला पुठ्ठा फाडून) आणि एक भाग ओला माल (ताजं गवत, भाज्यांची देठं-साली, ताजं शेण), हे प्रमाण घमेल्यानं मोजलं तरी चालतं. कर्ब-नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ च्या आसपास यावं हा हेतू. काड्या दोन इंचांपेक्षा लांब ठेवू नका. तळाशी जाडसर फांद्यांचा थर द्या म्हणजे खालून हवा येईल. प्रत्येक थर ओला करत चला. मूठभर माल घट्ट दाबल्यावर बोटांमधून एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये.

एक मीटरपेक्षा लहान ढीग नीट तापत नाही, बाहेरच्या बाजूंनी उष्णता निघून जाते. बरोबर जमलेला ढीग तीनचार दिवसांत ५५ ते ६५ अंश सेल्सिअसवर जातो. ५५ च्या वर सलग तीन दिवस राहिला की तणांचं बहुतेक बी आणि रोगकारक जंतू मरतात, पण फक्त मधल्या भागातले. म्हणून तापमान ४५ च्या खाली आलं की बाहेरचा माल आत आणि आतला बाहेर येईल असा ढीग फिरवा. असं चारपाच वेळा करावं लागतं. ७० च्या वर गेला तर उपयोगी जीवाणूही मरतात, तेव्हा लगेच फिरवा आणि पाणी द्या. नाक झोंबवणारा अमोनियाचा वास आला तर ओला माल जास्त झालाय, सुका पाला मिसळा. नासल्याची दुर्गंधी आली तर पाणी जास्त आणि हवा कमी आहे, ढीग मोकळा करा. वास काहीच नाही आणि ऊबही नाही, असं असेल तर आधी आतली ओल बघा. बहुतेक वेळा माल कोरडा पडलेला असतो.

तापणं थांबल्यावर महिनाभर तो तसाच मुरू द्या. हा महिना गाळायचा मोह फार होतो आणि नुकसानही इथेच होतं. अर्धवट कुजलेला माल वाफ्यात गेला की तुमच्या भुशानं केलं तेच तो करतो. तपासायला थोडं दमट कंपोस्ट पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस उबदार जागी ठेवा. उघडल्यावर पावसानंतरच्या मातीचा वास आला तर तयार. आंबूस किंवा अमोनियाचा आला तर आणखी थांबा.

विकतचं खत किंवा बाहेरचं शेणखत आणणार असाल तर एक चाचणी टाळूच नका. काही तणनाशकं, उदाहरणार्थ क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड, चाऱ्यातून जनावराच्या पोटात जातात, शेणातून जशीच्या तशी बाहेर येतात आणि कंपोस्ट ढिगातही बराच काळ टिकतात. त्यांच्या अगदी अल्प अंशानंही टोमॅटो आणि शेंगवर्गीय पिकं वाकडीतिकडी होतात. एका कुंडीत निम्मं खत आणि निम्मी माती, दुसरीत नुसती माती घ्या आणि दोन्हीत घेवड्याचे चारचार दाणे पेरा. तीन आठवड्यांत पहिल्या कुंडीतली कोवळी पानं वाटीसारखी वळली, शेंडा पिळवटला तर ते खत वाफ्यात आणू नका. कच्चं शेण घालणार असाल तर मातीला टेकणारी भाजी काढण्याच्या निदान १२० दिवस आधी घाला. त्यातल्या रोगजंतूंसाठी ही काळजी आहे.

वाफ्यांची दुरुस्ती

वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य अशी ओल, आल्याशिवाय मातीला हात लावू नका. मातीचा गोळा करून अंगठ्यानं टोचा. फुटून रवे झाले तर वाफसा आहे, नुसता दाबला गेला तर अजून ओल जास्त आहे. ओल्या चिकण मातीत एकदा मारलेली कुदळ अख्खा हंगाम ढेकळं देते.

पहिल्या वर्षी चार दातांच्या बागकामाच्या काट्यानं २५-३० सेंटिमीटर खोल टोचून, मागेपुढे हलवून माती सैल करा. पालथी करू नका. वर अडीच सेंटिमीटर कंपोस्ट पसरून वरच्या १० सेंटिमीटरमध्ये मिसळा. पुढच्या वर्षापासून तेही नको, थर वर पसरला की पुरे, गांडुळं तो खाली नेतात. निचरा सुधारायला वाळू मिसळण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वाळूनं फरक पडायला ती मातीच्या जवळजवळ निम्मी लागते. त्याहून कमी घातली तर चिकण तिच्या कणांमध्ये बसते आणि सगळं आणखी घट्ट होतं.

रोपं बोटभर वाढली की वर पाच ते आठ सेंटिमीटर सुक्या पाल्याचं आच्छादन करा, खोडापासून पाच सेंटिमीटर दूर. इथे तुम्ही विचाराल की हाच पाला मिसळल्यावर रोपं पिवळी पडली, मग आता कशी नाही पडणार? वर पसरलेला पाला मातीला फक्त एका पातळ थरात टेकतो. नत्राची ओढाताण तेवढ्या थरापुरतीच राहते आणि मुळं तिच्या खाली असतात. भुसाही याच रीतीनं, दोनतीन सेंटिमीटर जाडीनं, वापरता येईल. आच्छादनामुळे थेंबांचा मार चुकतो आणि पापुद्रा धरत नाही. वाफा रिकामा राहणार असेल तेव्हा ताग किंवा चवळी दाट पेरा आणि फुलावर येताच कापून मातीत मिसळा. कोवळं असतं तोवर ते लवकर कुजतं, फुलं जून होऊन काडी कडक झाली की पुन्हा भुशाचीच गत. मिसळल्यावर दोनतीन आठवडे थांबून मग लावणी करा. आणि वाफ्यात पाय देणं कायमचं बंद. एक मीटर रुंदीचा वाफा दोन्ही बाजूंनी हाताला येतो.

युरियाची मूठ आता बंद. या वर्षी कंपोस्टच्या जोडीला, फुलं धरू लागल्यावर, चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅम युरिया एकदा, फार तर दोनदा, पाण्यात विरघळवून द्या. ५ ग्रॅम म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून थोडा जास्त, पण एकदा काट्यावर मोजून खात्री करून घ्या. युरिया नकोच असेल तर निंबोळी पेंड चौरस मीटरला १०० ग्रॅम घ्या. तिच्यात साधारण ५ टक्के नत्र असतं आणि ती नायट्रेट होण्याची क्रियाही मंदावते. ती लावणीच्या दोन आठवडे आधी मातीत मिसळा. ताजी पेंड मुळांना लागून पडली तर कुजताना निघणाऱ्या अमोनियानं कोवळी मुळं जळतात. ज्या वाफ्यात भुसा आहे तिथे वर सांगितलेला वेगळा हिशेब ठेवा.

कुंड्या

पांढरा थर क्षारांचा आहे. १९:१९:१९ मधलं जे झाडानं घेतलं नाही ते, शिवाय पाण्यातले क्षार. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणं जड जातं, आणि पानाच्या टोकाशी क्षार साचून टोक करपतं. वरचा एक सेंटिमीटर थर खरवडून फेका. मग कुंडीच्या आकाराच्या दुप्पट पाणी, म्हणजे १० लिटरच्या कुंडीला २० लिटर, दोन टप्प्यांत सावकाश घाला आणि ते खालून पूर्ण निघून जाऊ द्या. ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका, नाहीतर क्षार पुन्हा वर चढतात.

कुंडीत मात्र निव्वळ कंपोस्टवर भागेलच असं नाही. तिथे माती थोडी असते आणि दर पाण्याबरोबर अन्न धुऊन जातं. मातीत पाव ते तिसरा हिस्सा कंपोस्ट ठेवा आणि १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम या मापानं, झाड जोमानं वाढत असेल तेव्हाच, पंधरा दिवसांनी एकदा द्या. कोरड्या मातीवर कधीच देऊ नका.

तपासणी

एकदा माती तपासून घ्या, पुढचे सगळे अंदाज त्यावर सुधारता येतील. पाचसहा ठिकाणी वरचा कचरा बाजूला करून १५ सेंटिमीटर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या, त्याच्या बाजूनं वरपासून खालपर्यंत सारखा काप काढा, सगळं एकत्र मिसळून त्यातली अर्धा किलो माती सावलीत वाळवून द्या. भुसा घातलेल्या वाफ्याचा नमुना वेगळा ठेवा आणि खत दिल्यानंतर महिनाभर नमुना घेऊ नका. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, उपलब्ध स्फुरद आणि पालाश एवढं पुरे. सामू ६ ते ७ मधे असेल तर उत्तम. साडेपाचच्या खाली गेला असेल तर चुन्याची भुकटी लागेल, पण किती ते मातीच्या पोतावर ठरतं, म्हणून अहवालात सांगितलेलीच मात्रा द्या. अहवालात सेंद्रिय कर्ब दिला असेल तर त्याला १.७२ नं गुणलं की सेंद्रिय पदार्थांचं प्रमाण मिळतं. बागेसाठी ते ३ ते ५ टक्क्यांपर्यंत नेणं हे चांगलं उद्दिष्ट आहे, आणि त्याला काही वर्षं लागतात.

पापुद्रा आणि साचणारं पाणी यांत मात्र पहिल्या हंगामातच फरक दिसेल. मोजायचं असेल तर ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्यानं भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभरात पाणी किती उतरलं ते पट्टीनं पाहा. अडीच ते पाच सेंटिमीटर उतरलं तर निचरा ठीक. दुसऱ्या वर्षी फूटभर लांब, रुंद आणि खोल माती उपसून गांडुळं मोजा, दहाच्या वर सापडली तर काम बरोबर चाललं आहे.

पोतं फेकू नका, आणि ओढ्यानाल्यात तर मुळीच नाही. युरिया हवेतली ओल ओढतो, म्हणून घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, जमिनीपासून उंच, मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. ब्लीचिंग पावडरीजवळ ठेवू नका, दोन्ही एकत्र आल्यास स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. वरखताला लागेल तेवढा वापरा, आणि ढिगासाठी कधी ओला माल मिळालाच नाही, सगळा सुका पालाच असला, तर घनमीटरभर ढिगाला पाव ते अर्धा किलो युरिया पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडा. पाच वर्षं वाफ्यांतून वाहून गेलेलं नत्र निदान इथे तरी कंपोस्टमध्ये अडकून राहील.